आभार कोणी कोणाचे मानायचे?

आपल्याकडील कोणताही समारंभ आभारप्रदर्शनाने संपतो. अध्यक्षांचे भाषण आटोपलेले असते, श्रोते चपला शोधू लागलेले असतात, मांडववाल्याची माणसे मागच्या खुर्च्या एकात एक घालू लागतात, आणि व्यासपीठावर कोणीतरी कागद हातात धरून घाईघाईने नावे वाचीत असतो. 'आभारप्रदर्शन' हा शब्द मोठा बोलका आहे. आभार मानण्यापेक्षा ते दाखविण्याकडे आपला कल अधिक असतो, हे त्या शब्दानेच कबूल करून टाकले आहे. 'कृतज्ञता' हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. प्रदर्शनाला पाच मिनिटे पुरतात. जाणण्याला मात्र वर्षभर डोळे उघडे ठेवावे लागतात.

हा भेद मला प्रथम जाणवला तो प्राथमिक शाळेच्या संदर्भात. माझे चौथीपर्यंतचे शिक्षण वसई तालुक्यातील धर्मभगिनींनी चालविलेल्या एका मराठी शाळेत झाले. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझ्या वर्गात कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांतील मुले होती, तशीच आगरी, कोळी, वारली आणि कामधंद्यासाठी घाटावरून आलेल्या कुटुंबांतील मुलेही होती. आपल्या महाविद्यालयातही अशा शाळांतून आलेले विद्यार्थी बरेच आहेत. म्हणून वर्षाच्या अखेरीस अशा शाळांमध्ये जी कृतज्ञता शिकविली जाते आणि जी मूल्ये सर्वांची म्हणून सांगितली जातात, त्यांचा थोडा निर्भीडपणे विचार करावा, असे वाटते.

प्रथम 'वर्षाची अखेर' म्हणजे काय ते पाहू. कॅथलिक शाळेचे वर्ष एकदाच संपत नाही. चर्चचे उपासना-वर्ष नोव्हेंबरच्या अखेरीस संपते आणि आगमनकाळाने नवे सुरू होते. इंग्रजी वर्ष ३१ डिसेंबरला संपते. त्या सायंकाळी कॅथलिक चर्चमधून 'ते देऊम' हे प्राचीन लॅटिन आभारगीत गाण्याची जुनी प्रथा आहे. आणि शाळेचे वर्ष उन्हाळ्याच्या तोंडाशी, निकालपत्रक हाती पडते तेव्हा संपते. या तिन्ही वळणांवर आभाराला स्थान आहे. किंबहुना कॅथलिक उपासनेच्या मुळाशीच आभार आहे. ज्या विधीला आपल्याकडे मिस्सा म्हणतात, त्याचे मूळ नाव 'युखारिस्तिया', आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी आभार मानणे. तेव्हा अशा शाळेने वर्षअखेर आभाराचा कार्यक्रम करावा यात नवल नाही. तो तिचा स्वभावधर्म आहे.

आणि हा स्वभाव ख्रिस्ती माणसाचाच आहे असे मानण्याचेही कारण नाही. मुंबई-ठाण्याकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. त्याच सुमारास कोकणातील हिंदू शेतकरी नवान्न पौर्णिमेला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतो. एकाच पावसावर पिकलेले भात, एकाच प्रकारच्या चिखलात राबलेले हात आणि मनात एकच भावना. मूल्यांची सामायिकता म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला तरी सुचत नाही. मूल्ये आधी जगण्यातून येतात. त्यांना धर्माची वस्त्रे मागाहून चढतात.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, आभार कोणी मानायचे आणि कोणाचे मानायचे, याचा एक ठरीव साचा होऊन बसला आहे. संमेलनाच्या दिवशी देणगीदारांना शाल आणि नारळ मिळतो. प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छ मिळतो. मुलांनी शाळेचे, शाळेने संस्थेचे आणि संस्थेने मान्यवरांचे आभार मानायचे, असा आभाराचा ओघ सदैव खालून वर वाहत राहतो. पाणी खालून वर चढवावयाचे तर पंप लागतो. आभाराच्या बाबतीत हा पंप भाषणांचा असतो. आमच्या शाळेतही हे होत असे. फी माफ झालेल्या मुलांना उभे करून, त्यांच्यासाठी मदत देणाऱ्या गृहस्थांकडे तोंड करून टाळ्या वाजवावयास सांगितल्याचे मला स्पष्ट आठवते. सांगणाऱ्या बाईंचा हेतू वाईट मुळीच नव्हता. त्या अतिशय मायाळू होत्या. परंतु त्या दिवशी उभे राहिलेल्यांपैकी एक मुलगा टाळ्या वाजविताना आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. कृतज्ञतेने माणसाची मान आपण होऊन लवते. त्याची मान खाली घालायला लावते ती कृतज्ञता नव्हे.

या शाळांचे स्वतःचे धर्मग्रंथ याविषयी काय सांगतात, हे पाहण्यासारखे आहे. लूकच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाही बरे होतात. परत येऊन आभार मानतो तो एकटाच, आणि तो असतो शोमरोनी, म्हणजे त्या काळच्या यहुदी समाजाच्या दृष्टीने परका. ही कथा आम्हांला मूल्यशिक्षणाच्या तासाला अनेकदा सांगितली गेली, आणि तात्पर्य एवढेच की, नऊ जणांसारखे होऊ नका. परंतु तात्पर्य सांगणाऱ्यांनी त्याच अध्यायात या कथेच्या लगेच आधी काय आहे, ते सांगितले नाही. तेथे येशू आपल्या शिष्यांना सेवकाचा दृष्टान्त देतो. दिवसभर राबून आलेल्या सेवकाने धन्याच्या आभाराची वाट पाहू नये. आपण केवळ आपले कर्तव्य केले एवढेच म्हणावे, असा त्याचा आशय. हे दोन्ही परिच्छेद शेजारी शेजारी आहेत. घेणाऱ्याने परत येऊन आभार मानावेत, आणि करणाऱ्याने त्या आभारावर हक्क सांगू नये! कुष्ठरोग्यांच्या कथेतही 'उरलेले नऊ कोठे आहेत?' ही विचारणा स्वतःच्या सत्कारासाठी नाही. देवाचा गौरव करावयास कोणी परतले नाही, याची ती खंत आहे. दोन पाने एकत्र वाचली तर अर्थ पूर्ण होतो. एकच पान वाचले तर कृतज्ञता हा गरिबाने भरावयाचा कर होऊन बसतो.

याच ठिकाणी माझे मुख्य म्हणणे मांडतो. कृतज्ञता ही लहानांकडून वसूल करण्याची गोष्ट नव्हे. ती मोठ्यांनी करून दाखविण्याची गोष्ट आहे. वर्षाच्या शेवटी शाळेने मुलांकडून आभाराची अपेक्षा करण्याऐवजी शाळेनेच मुलांचे, त्यांच्या आईबापांचे आणि आपल्या कष्टकऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. मुले ते पाहतील आणि शिकतील. प्राथमिक शाळेच्या वयात मूल कानाने कमी आणि डोळ्यांनी अधिक शिकते, हे आपण सारे जाणतो.

कोणी म्हणेल, शाळेवर मुलांचे कसले उपकार? उत्तर सरळ आहे. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने दिला आहे. परंतु अधिकाराने संस्था उभी राहते, शाळा उभी राहत नाही. आपले सहा वर्षांचे मूल दुसऱ्या धर्माच्या माणसांच्या हाती सकाळी सोपवून शेतावर निघून जाणारी वारली आई जो विश्वास दाखविते, त्या विश्वासावर शाळा उभी राहते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, असे म्हटले आहे. कॅथलिक नसलेले विद्यार्थीही ज्यांत शिकतात, अशा शाळांविषयी विशेष जिव्हाळा तेथे व्यक्त झाला आहे. म्हणजे वारल्याचे मूल त्या शाळेत पाहुणे नाही आणि आश्रितही नाही. शाळेच्या हेतूमध्येच त्याचे स्थान आहे. शिवाय अनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येते, आणि ती तिजोरी साधी काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या करातूनही भरते. देणगीदाराने दिलेला पंखा भिंतीवर दिसतो व त्यावर त्याचे नावही रंगविलेले असते. ह्या कराच्या पैशावर कोणाचेच नाव नसते.

मिशनच्या शाळांविषयी आपल्याकडे दोन ठरीव मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, या शाळांनी आपल्यावर अनंत उपकार केले. दुसरा पक्ष म्हणतो, या शाळा धर्मप्रसाराची दुकाने आहेत. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. परंतु दोहोंत एक साम्य आहे. दोघेही शाळेतल्या मुलाला स्वतःचे काही नसलेला एक घेणारा समजतात. एकाच्या मते तो ऋणको, दुसऱ्याच्या मते तो सावज. मी त्या शाळेत चार वर्षे काढली. सकाळच्या परिपाठात प्रार्थना होई, प्रतिज्ञा होई, सुविचार होई. ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जात, तेव्हा आम्हांला मूल्यशिक्षण असे. शासनमान्य वा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घ्यावयास लावता येत नाही, असे घटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा कळले होते ते इतकेच की, नाताळचा गोठा बांधताना गवत मी आणायचे आणि गणपतीच्या सुट्टीनंतर मोदक माझ्या डब्यातून सर्वांनी खायचे. यात कोणी कोणावर उपकार केले?

आता ज्यांचे आभार कधीच मानले जात नाहीत त्यांच्याकडे वळू. मूल्यशिक्षणाची जी दहा मूल्ये महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवर रंगविलेली असतात, त्यांत श्रमप्रतिष्ठा हे एक आहे. ज्या भिंतीवर हा शब्द लिहिलेला असतो, ती भिंत पुसणाऱ्या मावशींना संमेलनाच्या दिवशी बसावयास खुर्ची असते काय? सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला आणि सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. त्या आदेशाचे श्रेय न्यायमूर्तींना आणि ज्यांनी दाद मागितली त्यांना अवश्य द्यावे. परंतु आदेशाने खिचडी शिजत नाही. ती चुलीपुढे बसून धूर खाणाऱ्या, अल्प मानधनावर काम करणाऱ्या बायकांनी शिजविली. आमच्या वर्गातील कित्येकांना त्यांच्या हाताची चव ठाऊक होती, पण त्यांची नावे ठाऊक नव्हती. चार वर्षे जिच्या हातचे खाल्ले तिचे नाव ठाऊक नसणे हा मुलांचा दोष नाही. ते कोणी त्यांना सांगितलेच नाही.

आणि शिक्षक? व्हॅटिकनचे ते घोषणापत्र स्पष्ट म्हणते की, कॅथलिक शाळेचे यश जवळजवळ सर्वस्वी शिक्षकांवर अवलंबून असते. शिक्षकांचे संरक्षक संत म्हणून चर्चने १९५० साली ज्यांना मान दिला, त्या जाँ बाप्तिस्त द ला साल यांचे चरित्र यादृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १६५१ सालचा, फ्रान्समधील रॅंस शहरातील सुखवस्तू घराण्यातला. गरीब मुलांना शिकविणारे मास्तर त्या काळी अशिक्षित, अर्धपोटी आणि उपेक्षित असत. द ला साल यांनी त्या मास्तरांना प्रथम आपल्या घरी जेवावयास बोलाविले, पुढे राहावयासही बोलाविले. घरच्या मंडळींना ते रुचले नाही. नोकरापेक्षा खालच्या दर्जाची समजली जाणारी माणसे पंक्तीला बसलेली कोणाला आवडणार? परंतु त्या पंक्तीतूनच पुढे शिक्षकांचा एक संघ उभा राहिला. त्यांनी मुलांना वाचन शिकविताना लॅटिन बाजूला ठेवून आधी त्यांची मातृभाषा घेतली. मास्तरांवर एक शालजोडी घालून त्यांना घरी पाठविणे द ला साल यांना सहज शक्य होते. त्यांनी त्यांना आपल्या ताटाशेजारी पाट मांडला. आभारप्रदर्शन आणि कृतज्ञता यांतील अंतर हेच.

मातृभाषेचा उल्लेख आला म्हणून आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण आज खरा प्रश्न तेथेच आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठी आपली मानली, वाढविली. १९५५ साली सुरू झालेले 'सुवार्ता' मासिक मराठीतच निघाले. त्याचे संपादकपद भूषविलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा शोक केवळ ख्रिस्ती समाजाला झाला नाही. अशी माणसे मराठी वातावरणातून घडली. आज मात्र आपल्या भोवतीच्या मराठी शाळांत वर्गखोल्या आहेत आणि मुले कमी होत आहेत. ज्यांना परवडते ते, ख्रिस्ती असोत वा हिंदू, इंग्रजी शाळेकडे वळले आहेत. मराठी तुकडीत उरतात ती मजुरांची आणि आदिवासींची मुले. याबद्दल कोणा पालकाला दोष देण्यात अर्थ नाही. पोटाचा विचार सर्वांनाच करावा लागतो. परंतु याचा परिणाम असा की, ज्या बाकावर बागायतदाराचे, कोळ्याचे आणि वीटभट्टीवरल्या मजुराचे मूल एकत्र बसत होते, तो बाकच मोडत चालला आहे.

'सामायिक मूल्ये' हा शब्द उच्चारावयाचा तर ती सामायिक करावयास समोर दुसरा कोणीतरी लागतो. एकाच आर्थिक थरातील मुले एकत्र जमवून त्यांना समतेची गाणी शिकविणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे शिकविण्यासारखे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल घटकांसाठी किमान पंचवीस टक्के जागा ठेवण्यास सांगितले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असा निर्णय दिला, आणि २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो फेरविचारासाठी पुढे पाठविला. कायदा काय म्हणेल ते कायदेपंडित पाहतील. परंतु ज्या संस्थेचा उगमच गरिबांना शिकविण्यातून झाला, तिने गरीब मुलासाठी दार उघडण्याकरिता न्यायालयाची वाट पाहावी काय? कायद्याने लादलेले नसतानाही जे केले जाते, त्यालाच तर मूल्य म्हणतात.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे. पहिला आक्षेप असा की, देणगीदारांचा सत्कार केला नाही तर शाळा चालेल कशी? सत्कार जरूर करावा. दात्याचे मोल मी कमी लेखीत नाही. त्याने दिले म्हणून छप्पर गळायचे थांबले, हे खरेच आहे. फक्त त्या छपराखाली बसणाऱ्या मुलाला दात्यापुढे उभे करू नये. दात्याला छप्पर दाखवावे, जमाखर्चाचा स्वच्छ कागद द्यावा. खऱ्या दात्याला तेवढे पुरते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हा उपदेश शेवटी त्याच धर्मग्रंथातला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहानपणी आभार मानण्याची सवय लावली नाही तर मुले उद्दाम होणार नाहीत काय? सवय लावलीच पाहिजे. परंतु सवय कशाची? 'थँक यू' म्हणण्याची सवय आठ दिवसांत लागते, आणि पुष्कळदा तिचा अर्थही आठ दिवसांतच संपतो. आपल्या ताटातील भाजी कोणाच्या वाडीतून आली, आपला वर्ग कोणी झाडला, आपल्याला ज्या दिवशी बरे नव्हते त्या दिवशी धडा कोणी उतरवून दिला, हे लक्षात ठेवण्याची सवय लावणे कठीण. त्यासाठी शिक्षकाला रोज पाच मिनिटे द्यावी लागतात आणि स्वतःलाही लक्षात ठेवावे लागते.

तिसरा आक्षेप अन्य धर्मीयांकडून येईल: कृतज्ञतेच्या नावाखाली आमच्या मुलांना यांची प्रार्थना का म्हणावयास लावता? हा प्रश्न विचारण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे आणि त्याचे सरळ उत्तर देणे शाळेचे कर्तव्य आहे. माझ्या मते सिस्टरांनी आपली प्रार्थना लपवू नये आणि दुसऱ्याच्या मुलावर लादूही नये. ख्रिस्ती मुलाने हात जोडून त्याच्या देवाचे आभार मानावेत. शेजारच्या मुलाने त्या वेळी शांत बसावे किंवा आपल्या देवाला आठवावे. आणि ज्याच्या घरी देवच नाही त्याने आपल्या आईला आठवावे. पाच मिनिटांच्या त्या शांततेत सर्वधर्मसमभावाचा जो पाठ मिळतो, तो वेषभूषा स्पर्धेत एकाला पाद्री, एकाला भटजी आणि एकाला मौलवी करून मिळत नाही.

तेव्हा मला सुचवावयाचे आहे ते फार खर्चाचे नाही. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक वर्गाने, आपले हे वर्ष कोणाकोणाच्या हातांवर उभे राहिले, याची नावानिशी यादी करावी. तीत खिचडी शिजविणाऱ्या ताई असाव्यात, घंटा देणारे शिपाईकाका असावेत, रस्ता ओलांडून देणारा रिक्षावाला असावा. त्यांना बोलावून पहिल्या रांगेत बसवावे आणि त्या दिवशीचा खाऊ मुख्याध्यापिकांनी व पाहुण्यांनी वाढावा. सिस्टरांनी मुलांसमोर उभे राहून पालकांना सांगावे की, तुम्ही आपली मुले आमच्याकडे दिलीत, आम्ही तुमचे ऋणी आहोत. मुलांकडून काहीही बोलवून घेऊ नये. ती जे पाहतील ते विसरणार नाहीत, आणि पुढे केव्हातरी, न सांगता, परत येतील.

हे केवळ प्राथमिक शाळांनाच लागू आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वरच्या फळीवरची पुस्तके काढून देणारे, प्रयोगशाळेच्या काचा पुसणारे, परीक्षेच्या दिवसांत आपल्यासाठी पाण्याचे पिंप भरणारे हात आपल्याही भोवती आहेत. त्यांतील किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत? या वर्षीच्या आभारप्रदर्शनाचा कागद ज्याच्या हाती असेल, त्याने तो लिहावयास बसण्यापूर्वी ही नावे विचारून घ्यावीत. ती कागदाच्या शेवटी नव्हे, आरंभी वाचावीत. श्रोते अजून आपापल्या जागी बसलेले असतील तेव्हाच.